आमचा टीव्ही ब्रेमेनला जातो

शनिवार, ६ जुलै

डबा घरात आला. सध्या रव्याच्या पिंपामागे लपवलाय, कारण नवऱ्याला, मोन्सेफला, अजून सांगितलेलं नाही. पुस्तकाएवढा काळा डबा, दिसायला अगदीच सामान्य. पण दुकानदाराने तो काय करतो ते सांगितलं आणि मला दुकानातच नाचावंसं वाटलं. डिशच्या रिसीव्हरमधून टीव्हीकडे जाणारी वायर आधी या डब्यातून न्यायची. डबा तेच चित्र नेटवरून पाठवतो आणि जगात कुठेही लॅपटॉप उघडून बसलेल्या माणसाला आपल्या घरचा टीव्ही दिसतो. आपण लावलेलं चॅनल, आपल्या जाहिराती, आपल्याच बातम्या.

आमची मुलगी उमैमा गेल्या ऑक्टोबरात नर्स म्हणून जर्मनीत ब्रेमेनला गेली. मोन्सेफने इथे आमच्या स्फाक्स शहरातच तिच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती, चार लोकांना शब्द दिला होता, आणि ही पोरगी बॅग भरून दारात उभी. तेव्हा त्याने अल्लाची शपथ घेतली की ही परत या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेपर्यंत माझ्या तोंडून हिच्यासाठी एक शब्द निघणार नाही, हिचं नावसुद्धा नाही. शपथ मोडणाऱ्यांतला तो नाही. ती तरी कुणाची मुलगी? ती म्हणते, ईदला येईन, पण आधी बाबांनी एक शब्द बोलावा. हा भुवयांनी सांगतो, आधी ये म्हणावं. ईद महिन्यावर आली, तिकीट काही निघत नाही, आणि अडकित्त्यातली सुपारी मी.

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावरून बोलणं करून पाहिलं. तिचा चेहरा दिसला की हा उठून गच्चीवर जातो आणि पोरीला रिकामी खुर्ची दिसते. पण टीव्हीसमोरून मोन्सेफ कधी उठलेला मी तरी पाहिला नाही. म्हणून ठरवलं. रमजानात रोज संध्याकाळी आम्ही तिघं एकच टीव्ही बघायचा, दोघं इथून आणि एक तिथून. तोंडं उघडायला नकोत, डोळे तर एका जागी येतील.

सोमवार, ८ जुलै

जमलं, जमलं, जमलं. 

मोन्सेफ कॉफीहाउसमध्ये गेल्यावर डबा काढला. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय मी, तीन रंगांच्या वायरी मला काय घाबरवणार, म्हणून बसले. दोनदा चुकीच्या भोकात घातल्या. मग पासवर्ड ठरवला आणि पाच मिनिटांत विसरले. डब्यातून एक बारीक वायर निघते, तिच्या टोकाला मण्याएवढा डोळा असतो. तो रिसीव्हरच्या तोंडावर चिकटवायचा. तिकडे उमैमाने लॅपटॉपवर बटण दाबलं की तो डोळा इथे रिमोटचं काम करतो. म्हणजे ती ब्रेमेनमधून आमचं चॅनल बदलू शकते. हे ऐकल्यावर मी डब्याला दुरूनच बिस्मिल्ला म्हटलं.

चित्र सुरुवातीला असं आलं म्हणे की निवेदिकेचं तोंड एकीकडे आणि कपाळ दुसरीकडे. माझ्या लक्षात आलं, हे जलिलाचं काम. शेजारच्या भिंतीपलीकडून ती आमचंच वाय-फाय वापरते आणि दिवसभर तुर्की मालिका उतरवून घेते. भिंतीवर थाप मारून सांगितलं, ‘जलिला, महिनाभर तुझा नवाब पाशा बाजूला ठेव, माझी मुलगी टीव्हीत अडकलीय.’ ती म्हणाली, ‘आई गं, जर्मनीत टीव्हीवर आली?’ समजावता समजावता घसा सुकला. पण तिने बंद केलं बिचारीने.

मग डब्यावरचा हिरवा दिवा लागला. तिकडून कुणी बघायला लागलं की तो लागतो. फोनवर उमैमाचा आवाज: ‘उम्मी, दह्याची जाहिरात लागलीय. तीच, ढोलवाल्या म्हातारीची.’ आणि पोरगी रडायला लागली. दह्याच्या जाहिरातीवर. मीही रडले, पण माझं कांदा चिरताना खपून गेलं.

बुधवार, १० जुलै. पहिला रोजा

मोन्सेफला मी सांगायच्या आतच डब्याने सांगितलं.

रोजा सोडून, शोरबा पिऊन साहेब बातम्या लावून बसले. मंत्री काहीतरी उद्घाटन करत होते. अचानक चॅनल उडालं आणि रमजानची मालिका सुरू झाली. मोन्सेफने रिमोटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. परत बातम्या लावल्या. परत मालिका. तो म्हणाला, ‘नजीबा, रमजानात सैतानांना साखळदंडात बांधतात ना? मग घरात हे कोण सुटलंय?’

मी म्हटलं, ‘सैतान नाही, तुझ्याच रक्ताचं आहे. ब्रेमेनला बसलंय.’ आणि हिरवा दिवा दाखवून सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता डबा खिडकीबाहेर जाणार. तो उठून दिव्याजवळ गेला. मग फक्त विचारलं, ‘याची वायर मागे कशी लावलीय?’ मोन्सेफने हयातभर लग्नांचे व्हिडिओ काढलेत, वायर दिसली की याला राहवत नाही. मागे वाकून त्याने माझं काम तपासलं आणि म्हणाला, ‘पिवळी सैल आहे.’ घट्ट करून दिली.

मी हे शुभलक्षण मानते.

शुक्रवार, १२ जुलै

या दोघांनी माझा जीव खायचा ठरवलाय. आज मालिकेत नायिकेचा भाऊ तुरुंगातून सुटणार होता आणि नेमक्या त्या वेळी बाप बातम्या लावतो, मुलगी मालिका, बाप फुटबॉल, मुलगी मालिका, बाप कुराणपठण (म्हणजे ही बदलायला धजणार नाही), मुलगी दोन मिनिटं अदबीने थांबून परत मालिका. मी ओरडले, ‘अरे, एकदा ठरवा तरी.’ बाप हसत होता की दाढ दुखत होती कोण जाणे. शेवटी त्याने रिमोट उशीखाली ठेवला आणि म्हणाला, ‘बघू दे.’ कुणाला ते म्हणाला नाही. नंतर त्या मालिकेतला वकील कसा खोटारडा आहे यावर मला भाषण देत बसला. ज्या माणसाला मालिका बघणाऱ्यांची कीव येते त्याला वकिलाचं नाव पाठ.

उमैमाला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘बाबांना सांग, उद्या बातम्या मी लावून देते.’ मी सांगितलं नाही. त्याने रागावून डबाच काढला तर?

रविवार, १४ जुलै

आज इतकी खूश आहे की अंडं भरलेल्या ब्रिक तळताना दोन फुटल्या तरी काही वाटलं नाही.

उमैमाने न विचारताच सांगितलं, ‘उम्मी, मी आता एकटी रोजा सोडत नाही. टीव्हीवर अजान झाली की तुमच्याबरोबरच खजूर तोंडात टाकते. तू शोरबा वाढत असशील, बाबा आधी ताक पीत असतील, असं मनात धरून जेवते. फक्त खिडकीतून ऊन थेट लॅपटॉपवर येतं, काही दिसत नाही, म्हणून जाड पडदा ओढून घेते.’ बघा, जर्मन लोकांना खिडकी कुठल्या दिशेला काढावी तेही कळत नाही.

जेवताना मोन्सेफला मी मुद्दाम मोठ्याने ऐकवलं. ‘तुझी मुलगी रोज आपल्या टीव्हीच्या अजानवर रोजा सोडते, आपल्याबरोबर.’ त्याने ताकाचा पेला खाली ठेवला. म्हणाला, ‘टीव्हीच्या?’ हा त्याचा जुना आजार. टीव्हीवर अजान राजधानीची, ट्यूनिसची असते आणि आमच्या गल्लीतल्या मशिदीत थोडी आधी होते, कारण आमच्याकडे सूर्य आधी बुडतो. टीव्हीसाठी थांबणाऱ्यांना तो म्हणतो, ज्याच्या त्याच्या गावाचा सूर्य ज्याला त्याला. मी म्हटलं, ‘दोन घटका इकडेतिकडे झालं म्हणून काय बिघडतं? पोरगी आपल्या ताटाशी बसते हे बघ ना.’ त्याने ताक तसंच ठेवलं. वयाबरोबर हा माणूस जास्तच कर्मठ होत चाललाय.

सोमवार, १५ जुलै

माझ्या नवऱ्याने आज काय केलं ते लिहायलाही लाज वाटते. अजान व्हायच्या जरा आधी उठला आणि डब्याची वायर उपटली. दिवा विझला. मी म्हटलं, ‘काय करतोस?’ तर ‘राहू दे’ म्हणाला आणि गच्चीवर गेला. खजुराला हात लावला नाही. तासाभराहून जास्त वेळाने खाली आला, स्वतःच वायर जोडली, मग एकटा जेवला.

बुधवार, १७ जुलै

रोज तेच. अजानच्या आधी वायर काढायची, तासाभराने जोडायची. टीव्ही बघायला हरकत नाही, मालिकेला हरकत नाही, फक्त जेवणाच्या वेळी ती आपल्याबरोबर नको. एवढा हिशेबी दुष्टपणा मी बघितला नव्हता. बरं, स्वतःही आमच्याबरोबर बसत नाही. शोरबा झाकून ठेव म्हणतो. मी म्हटलं, ‘माझ्या हाताची चव गेली का?’ तर नाही म्हणून मान हलवतो. पोट बिघडलं असेल तर तेही सांगत नाही. जलिला म्हणते दृष्ट आहे, मिठाने उतरवून टाक.

शिवाय माझा शाळेतला मोठा नकाशासंग्रह कपाटातून काढून गच्चीवर नेलाय. हजला जायचं मनात असेल तर सरळ बोलावं, मी काय नाही म्हणणार आहे?

शनिवार, २० जुलै

सगळं हातातून निसटतंय. उमैमाचा फोन आला. आवाज अगदी सपाट, नर्सबाईसारखा. ‘उम्मी, रोज जेवणाच्या वेळीच काळं का होतं?’ मी नेट, वारा, डिश, सगळ्यांवर ढकललं. ती म्हणाली, ‘खोटं बोलू नकोस, रोजा आहे तुझा. बाबा काढतात ना? त्यांना सांग, मला कळलं. ताटाशी नको तर नको. मी तुमच्या घड्याळावर एकटी सोडते रोजा. इथे ईदच्या दिवशी कोण ड्यूटी करेल विचारताहेत, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. मी हो म्हणते.’

आमच्याकडे ईदच्या सकाळी खारवलेला मासा आणि मनुका-कांद्याची गोडसर चटणी, शरमुला, करतात. मनुका मी निवडून ठेवल्या होत्या, तिला आवडतात तशा मोठ्या मोठ्या. फोन ठेवल्यावर ते मनुकांचं डबडं डोळ्यांसमोरून दूर केलं.

मग मोन्सेफवर तुटून पडले. म्हटलं, ‘शपथ घेतलीस, मी गिळली. पण पोरगी आपल्या टीव्हीतून तुझ्या ताटाशी येऊन बसते, तिला तू दार लावतोस? ईदला येत नाहीये ती. झालं समाधान?’ त्याचा चेहरा पांढरा पडला. तोंड उघडलं, मिटलं. तिचं नाव घेता येत नाही ना, शपथ आहे. शेवटी काय बोलला माहितीय? ‘नजीबा, तू भूगोल शिकवायचीस ना?’

एवढ्या भांडणात माझी नोकरी काढायची काही गरज होती का? मी त्याच्याशी बोलणं सोडलंय. आता या घरात शपथेशिवायही कुणी कुणाशी बोलत नाही.

सोमवार, २२ जुलै

सगळं नीट क्रमाने लिहायचा प्रयत्न करते, पण आनंदाने पेन पुढे पळतंय.

दुपारी मोन्सेफने माळ्यावरून लग्नांच्या व्हिडिओचा जुना कॅमेरा काढला. तिकाटणं टीव्हीशेजारी मांडलं. मग रिसीव्हरच्या तिन्ही वायरी डब्यातून काढून तिथे कॅमेऱ्याच्या घातल्या. मला वाटलं, आता हा डबा कायमचा निकामी करतोय. मी धावले, तर त्याने हात वर करून थांब म्हटलं. डोक्यावर लाल शेशिया टोपी, अंगात शुक्रवारचा जुब्बा. कॅमेऱ्याचं तोंड आमच्या जेवणाच्या टेबलाकडे.

पण दिवा काही लागेना. उमैमा बघतच नव्हती, का बघेल? मोन्सेफ दिव्यासमोर उभा, आणि माझ्याकडे असं बघत होता की माझा रुसवा तिथेच पातळ झाला. काय करतोय ते मला कळलेलं नव्हतं, पण मी फोन लावला.

‘लॅपटॉप उघड.’

‘काळं बघायला? उम्मी, मला आज उत्तर द्यायचंय त्यांना.’

‘उत्तर नंतर दे. आईने सांगितलं म्हणून उघड.’

दिवा लागला. हिरवागार. फोनमध्ये ती म्हणाली, ‘उम्मी, टीव्हीवर आपलं टेबल आहे.’ मग जरा थांबून, ‘बाबा आहेत.’

गल्लीतल्या मशिदीत अजान झाली. मोन्सेफने मला खजूर दिला, खा म्हणून खूण केली. मी खाल्ला. त्याने स्वतः घेतला नाही. माझा नकाशासंग्रह आणून कॅमेऱ्यासमोर उघडा धरला. एक बोट स्फाक्सवर ठेवलं आणि आमच्या खिडकीकडे दाखवलं, बाहेर दिवस बुडाला होता. मग बोट हळूहळू वर सरकवलं, समुद्र ओलांडून, इटलीवरून, डोंगरांवरून, थेट वर ब्रेमेनला. तिथे थांबवलं आणि मान हलवली. नाही. तिथे नाही अजून.

उत्तरेला जावं तसा उन्हाळ्यात दिवस मोठा. पाचवीच्या वर्गाला मी हे संत्रं आणि मेणबत्ती घेऊन शिकवायचे. आणि माझी मुलगी ऊन डोळ्यांवर येतं म्हणून पडदा ओढून, ऐन उजेडात माझ्या टीव्हीच्या अजानवर रोजे मोडत होती, आणि मी ब्रिक तळत खूश होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तो तिला दार लावत नव्हता. तिचा रोजा सांभाळत होता, आणि गच्चीवर उपाशी राहून तिच्या सूर्याची वाट बघत होता.

 मग त्याने खुर्ची कॅमेऱ्यासमोर ओढली आणि बसला. पुढ्यात खजुराची बशी, झाकलेला शोरबा. मीही पुढचा घास न घेता चमचा ठेवून दिला. तिघं बसून राहिलो. मधेच त्याने शोरब्यावरचं झाकण उचलून कॅमेऱ्याला आत काय आहे ते दाखवलं. फोनमध्ये ती हसली. हसली, हे मी स्वतः ऐकलंय.

वेळ झाली तशी त्याने घड्याळ बघितलं, उठला, कानांवर हात ठेवले आणि मगरिबची, सूर्यास्ताची, अजान द्यायला सुरुवात केली. पूर्ण आवाजात. आमची गल्ली तोवर जेवून, कॉफी पिऊन बसली होती. जलिलाने भिंतीवर धबाधबा थापा मारल्या. ‘मोन्सेफसाहेब, ही आत्ता कुठली अजान?’

मी ओरडले, ‘ब्रेमेनची आहे. गप बस आणि ऐक.’

अजान संपली. त्याने कॅमेऱ्याकडे बघत खजूर उचलला, तोंडात घातला. शपथ शाबूत होती, तिला एक शब्द बोलला नव्हता, हाक अल्लासाठी होती. मी फोनचा आवाज मोठा केला. ती रडत रडत म्हणाली, ‘बाबा, मला माहीत होतं. मला माहीत होतं इथे ऊन आहे ते. पण मला एकटीला खायचं नव्हतं.’

मोन्सेफने माझ्या हातातून फोन घेतला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. नऊ महिन्यांनी पहिला शब्द कुठला येतो, बिन्ती, म्हणजे माझी लेक, की माझ्या काळजा? आणि साहेब म्हणाले, ‘आमच्या घड्याळाने सोडलेस ते सगळे रोजे तुला परत धरावे लागतील.’

‘हो बाबा.’

‘इथे येऊन धर. मी तुझ्याबरोबर धरतो.’

त्यानंतर दोघंही काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, कारण माझंच रडणं सगळ्यांत मोठं होतं. ड्यूटीला ती नाही कळवतेय. तिकीट आजच बघते म्हणाली.

नंतर मोन्सेफ शोरबा पिता पिता थांबला आणि म्हणाला, ‘नजीबा, शपथ मोडली मी.’ मी म्हटलं, ‘मोडलीस खरी. आता प्रायश्चित्त म्हणून दहा गरिबांना जेवू घालावं लागेल.’ तो म्हणाला, ‘कुसकुस कर, मांस घालून. कंजूषपणा करू नकोस.’

उद्या जलिलाकडून तिचं मोठं पातेलं आणायचंय. एवढ्या आनंदाचा दंड आमच्या घराला आजवर कधी झाला नव्हता.